गुहेच्या तोंडाशी तुझी बोट

पान्तेली,

आज तुला दादा म्हणणार नाही.

ऑक्टोबरात सीलमाद्या आपल्या बेटाच्या गुहांत वितात, तेव्हा तिकडे इंजिन न्यायचं नाही, हा बाबांचा नियम तुला पाठ होता. तरी तू टॉर्च लावून पाहुण्यांना आत नेलंस. सीलआई घाबरून समुद्रात पळाली, पिल्लू आतच राहिलं. मी खडकावरून ओरडले, तर तू हसत म्हणालास, "अगं वेडे, गेली ना टाकून? कसली आई ती! वर आपली जाळी फाडते."

फाटलेली जाळी मी शिवते, पान्तेली. तुझ्या हातात सुई कधी दिसली नाही.

आणि ती गेलेली नाही. सकाळपासून तुझ्या बोटीभोवती डोकं वर काढून घिरट्या घालते आहे. आत पिल्लू दुधासाठी रडतंय. पाहुण्यांना ऑक्टोपस भाजून घालायला तू तिच्या वाटेत, गुहेच्या तोंडाशीच नांगर टाकून बसलायस, आणि वाईट कोण, तर आई!

हे पत्र तुला देणार नाही. वाचशील आणि खिशात घालशील. मी वल्ह्याची होडी काढते आहे. पाहुण्यांसमोर तुझ्या नांगराचा दोर कापणार आहे.

आज तुझी नव्हे, त्या आईची बहीण,
एल्पिनीकी