धोंडिबा थोरले की धाकटे?

२ फेब्रुवारी २०२५, बारामती

भिगवणजवळच्या आमच्या गावी होळी पेटवण्याचा मान थोरल्या घराचा. आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, तो आमरण सांभाळला. गेल्या श्रावणात ते गेले आणि आता भावकीतला युवराज म्हणतो, थोरले घर त्याचे! त्याचे पणजोबा येसबा १८७४ चे. पलटणीचा कागद आहे. माझे पणजोबा धोंडिबा, येसबांचे सख्खे बंधू, भूतलावर केव्हा अवतरले हे सिद्ध करण्याचे दायित्व मज पामर संस्कृत-शिक्षकावर.

९ फेब्रुवारी

प्रमाणे दोन, दोहोंत अबोला. समाधीची शिळा म्हणते: निधन १९३२, वय साठ. अर्थात १८७२ — आम्ही थोरले. शाळेचा दाखला म्हणतो १८७६ — आम्ही धाकटे.

परंतु तत्कालीन मास्तर वय ठरवीत कसे? डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला, की सहा वर्षे पूर्ण! तेव्हा १८८२ साली शाळेत बसलेले धोंडिबा वस्तुतः दहा वर्षांचे असणार. हात पोचण्यास विलंब झाला, इतकेच. आमच्या कुळात बाहू आखूडच. माझ्या सदऱ्यांच्या दुमडलेल्या बाह्या साक्षीस आहेत.

दाखला अप्रमाण. शिळा प्रमाण. इति सिद्धम्.

२३ फेब्रुवारी

जळोचीस कौसल्याआत्याकडे. माझा सिद्धान्त तिने शांतपणे ऐकला. मग — "आरं, शिळा कुठली तितं? नुसता धोंडा व्हता. युवराजच्या बापानं मानाचा वाद काढला, तवा तुझ्या बापानं घडवून आणली."

"आणि वय साठ?"

"त्यानंच घातलं. मी म्हणलं, खोटं कशाला? तर म्हणला, आक्का, उद्या केशवला मान मिळाया पायजे."

केशव म्हणजे मी.

२४ फेब्रुवारी

शाळेत माझे वय वर्षाने कमी लिहू पाहणाऱ्या हेडमास्तरांस याच पुरुषाने "असत्य लिहू देणार नाही" असे सुनावले होते. त्या सत्याचे फल म्हणून मी येत्या जूनमध्ये, एक वर्ष आधीच, निवृत्त होतो आहे. पन्नासहून अधिक वर्षे त्या एका वाक्याच्या आधारावर उभा होतो.

फसवलेत, आप्पा. तेही माझ्यासाठी.

आज विनोद सुचत नाही.

१३ मार्च, होळी

पंचांसमोर युवराज म्हणाला, "कागद ऱ्हाऊ द्या. दादा म्हणंल ते साल. त्यो खोटं बोलायचा न्हाय."

मी म्हणालो, "अठराशे बहात्तर."

युवराजने टेंभा स्वतः पेटवून माझ्या हाती दिला.