जुन्या डिस्कचं कुंकू

देऊळघाट,
आश्विन वद्य चतुर्थी

चि. भालचंद्र,

तुला महादेवकाकाचे पोटभर आशीर्वाद. पाठीचं दुखणं आता कसं आहे? मधून मधून खुर्चीतून उठत जा, कंपनीत उठायला मनाई नसेल असं धरून चालतो. तुझी काकू खुशाल, गाय व्याली, कालवड झाली. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. पत्रात माया जास्त मावते.

तर, डिस्कचं काम मी एकट्याने पार पाडलं. आपल्या कॉम्प्युटरमध्ये एकाच डिस्कवर दोन बिऱ्हाडं होती, विंडोज आधीपासूनचं आणि लिनक्स तू मागच्या उन्हाळ्यात बसवून दिलेलं. चालू केलं की यंत्र दारातच विचारायचं, कोणाकडे आलात? (मी लिनक्सकडे, काकू पत्त्यांच्या खेळासाठी विंडोजकडे.) लिनक्सच्या खोलीत माझ्या बेचाळीस विहिरी. एकोणीस वर्षं दर महिन्याला गावातल्या एकेका विहिरीत दोर सोडून मोजलेलं पाणी, सारं एका बोटाने टाइप केलेलं. दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत गावाची नवी विहीर कुठे खणायची ते ठरणार आहे. आपल्या सरपंच उकंडरावांना ती स्वतःच्या वावराशेजारी हवी, आणि नाल्याकाठचं पाणी कधी आटलं नाही हे दाखवायला माझ्या आकड्यांखेरीज गावात काही नाही. अशा मोलाच्या ऐवजाने दाटीवाटीत राहावं हे मला बघवेना, म्हणून लिनक्सला नव्या डिस्कवर वेगळं घर द्यायचं ठरवलं.

नवी डिस्क त्याच कंपनीची, त्याच मापाची घेतली (सोयरीक ओळखीच्या घरातली बरी). सोबत एक दोन खाचांचं यंत्र आणलं. पुढच्या खाचेत जुनी, मागच्या खाचेत नवी, बटण दाबलं की पुढचीची हुबेहूब नक्कल मागचीवर. मग जुनीवर विंडोज तेवढं ठेवायचं, नवीवर लिनक्स. दोघी जुळ्या बहिणींसारख्या दिसायच्या, म्हणून मी जुनीला कुंकवाचं बोट लावलं. यापेक्षा पक्की खूण एखाद्या इंजिनिअरलाही सुचली नसती.

मध्ये आली खंडेनवमी. काकूने विळे, कुऱ्हाड, पंपाचे पाने यांच्यासोबत दोन्ही डिस्का पाटावर मांडल्या, धूळ झटकली आणि दोघींना कुंकू लावलं. मी म्हटलं, हे काय केलं? तर म्हणते, "एकीले लावलं न् एकीले नाही, काऊन जी? ते काय सावत्र हाय?"

पण मी काही गांगरणारा माणूस नाही. दोन्ही डिस्का हातात तोलून पाहिल्या. भरलेली जड लागणार, हे उघड आहे. जड लागली ती पुढच्या खाचेत सरकवली आणि बटण दाबलं. दीड तासाने हिरवा दिवा लागला. काम बिनचूक झालं, डिस्का आता आतूनही अगदी सारख्या आहेत.

थंडी पडायच्या आत येऊन जा.

तुझा,
महादेवकाका

ता.क. १ : दोन्ही कोऱ्या आहेत. यंत्र आता दारात काहीच विचारत नाही, काळ्या पडद्यावर एक इंग्रजी ओळ दाखवून गप्प बसतं. उन्हाळ्यात विहिरींची फाइल तू तुझ्याकडे नेली होतीस का? असेल तर ग्रामसभेआधी पाठव. जुन्या वह्या मी मोठ्या भरवशाने रद्दीत टाकल्या.

ता.क. २ : काकूला वाटतं, तिच्या कुंकवाने घात केला. दोन दिवस धड जेवली नाही. मी सांगितलं, ते दोन खाचांचं यंत्रच मुळात सदोष होतं. तूही फोनवर तेच सांग. पत्र लिहिलं ते यासाठीच, फोनपाशी ती बसलेली असते.

ता.क. ३ (हे अक्षर काकूचं) : भालू बापा, पाकीट चिकटवाले माह्याजवळच देलं होतं, म्हून वाचलं. वह्या रद्दीत गेल्या नाहीत, पिठाच्या डब्यामागं हायेत. एकोनीस वर्सं वला दोर मीनं वाळू घातला, त्या वह्या मी जाऊ देईन काय? फाइल नसली तं दिवाळीले ये, मी वाचून दाखवीन, तू टाइप कर. न् जुनीवरचं त्याइचं बोट मी पुसलं नव्हतं, बाजूले माहं लावलं. जुनीवर दोन बोटं होती, नवीवर एक. बेचाळीस विहिरी मोजल्या, पन दोन बोटं मोजाचं सुचलं नाही त्याइले. जेवाचं म्हनशील तं, समोर बसलं की त्याइचं तोंड पाहून हसू फुटते, म्हून उठून जा लागते.