दवणा, लोलक आणि मागच्या दोन खोल्या

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिवणकाम (आता डोळ्यांमुळे बंद), असे लिहून ठेवते की हे मृत्युपत्र मी पूर्ण शुद्धीवर, राजीखुशीने आणि सकाळचा चहा झाल्यावर करीत आहे. काही वर्षांपासून मी चेटूक शिकते आहे, हे गल्लीत सर्वांना ठाऊक आहे. तेवढ्यावरून माझ्या बुद्धीबद्दल कोणी शंका घेऊ नये. मी अजून नवशिकी आहे. माझ्या विद्येने आजवर कोणाचे वाईट झालेले नाही, आणि चांगले झाल्याचेही फारसे ऐकिवात नाही.

१. घर. आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या माझ्या थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या. मागच्या दोन माझ्या. स्वयंपाकघर आणि भांडणे सामायिक. माझ्यामागे माझ्या खोल्या दादाने हयातभर वापराव्यात, त्यानंतर त्या त्याच्या मुलीला, माझ्या भाचीला मिळाव्यात. बँकेत जे काही आहे ते दादाच्या औषधपाण्यावर आणि सोबतीच्या बाईवर खर्च करावे. दादाला त्याच्या खोलीतून कोणीही, कितीही चांगल्या हेतूने हलवू नये. त्याला आता रस्ते आठवत नाहीत, पण आपल्या खोलीतले दिव्याचे बटण तो न चाचपडता लावतो.

२. शिलाई मशीन आणि कात्र्या भाचीला. मोठ्या कात्रीने कागद कापलेला मला मेल्यावरही कळेल. दादाला नवा शर्ट आणला की कॉलरच्या आत पत्ता आणि फोन नंबराची पट्टी शिवावी. दोरा शर्टाच्याच रंगाचा घ्यावा, म्हणजे पट्टी त्याच्या लक्षात येत नाही. लक्षात येते, पण तो तसे दाखवत नाही.

३. चेटकाचे सामान: पत्त्यांचा जोड, पांढरा कप, आणि दोऱ्याला बांधलेली आईची अंगठी, म्हणजे माझा लोलक. पत्ते भाचीनेच दिले होते. मी दुकान बंद केले तेव्हा म्हणाली, "आत्या, आता तुला वेळच वेळ. लोकांची मापं घेतलीस, आता भविष्य सांग." ती थट्टा करीत होती. मी मनावर घेतले. कपाच्या तळाशी उरलेल्या चहाच्या चोथ्यात मला पहिल्यांदा होडी दिसली, ती शेजारणीच्या कपात. मी तिला लांबचा प्रवास सांगितला. तिने बॅग भरली आणि दुसऱ्या दिवशी तिचा नळ फुटून घरभर पाणी झाले. मी म्हटले, होडी तर बरोबर होती ना! हे सामान भाचीने ठेवावे. अंगठी मात्र दोऱ्यातून सोडवून बोटात घालावी, आईला तेच आवडले असते.

४. बाग. हे कलम लांबणार आहे, वकीलबाईंनी माफ करावे.

उशीखाली दवणा ठेवला की खरी स्वप्ने पडतात, असे मी पुस्तकात वाचले होते. म्हणून मागच्या दारापाशी दवणा लावला. पाने चांगली फुटली आणि एके दिवशी दादाने तण समजून तो मुळासकट उपटला.

मी म्हटले, "जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलंस, आणि तुला दवणा न् गवत यातला फरक कळेना?"

तो म्हणाला, "मला विज्ञान कळतं. तुझी थेरं कळत नाहीत."

झाले, अबोला सुरू. एकाच ओट्यावर दोन वेगळे चहा उकळू लागले. त्याचे विसरणे तेव्हा सुरू झाले होते, डॉक्टरांनी तसे बजावलेही होते. मी मात्र रागाच्या भरात त्याच्याकडे पाहायचेच सोडून दिले होते. आणि एका दुपारी त्याच्या चपला दारात नव्हत्या.

गल्ली पालथी घातली. भाचीला फोन केला, ती कामावरून निघाली. तोवर काय करायचे? मी गावाचा नकाशा टेबलावर पसरला आणि वर लोलक धरला. लोलक जोरात फिरला आणि रेल्वेच्या गुदामाकडे झुकला. रुळांकडे!

पण लोलकाची ख्याती मला ठाऊक होती. कपाटाची किल्ली त्याने माळ्यावर दाखवली, ती पिठाच्या डब्यात निघाली. मांजर विहिरीकडे दाखवले, ते पलंगाखाली झोपले होते. तो एकदाही बरोबर आलेला नव्हता. म्हणून मी बरोबर उलट्या दिशेला धावत सुटले. वाटेत बेकरी, सायकल दुरुस्तीचे दुकान, आणि रस्ता संपतो तिथे नर्सरी.

दादा उपड्या बादलीवर बसला होता. मांडीवर कुंडी.

नर्सरीवाला म्हणाला, "मघापासून बसलेत. घर कुठंय विचारलं, तर म्हणतात, बहीण येईल न्यायला."

दादाने कुंडी माझ्यापुढे धरली. "नीट बघ. हा दवणाच आहे ना? की परत गवत?"

"दवणाच आहे."

"मग चल. आणि हे बघ, तू पुढे चाल. मी मागून येतो."

घर कुठे आहे ते आठवत नाही, हे त्याला म्हणायचे नव्हते. मी पुढे चालले. मागे वळून पाहिले नाही, कारण मी रडत होते आणि आमचा अबोला अजून रीतसर सुटला नव्हता.

त्या दिवशी माझी विद्या सिद्ध झाली, असे मी मानते. दादा म्हणतो, उलटीकडे पळण्याला विद्या म्हणत नाहीत, नशीब म्हणतात. विज्ञानाच्या मास्तराने नशिबाचे नाव घेतले, हाही चेटकाचाच गुण.

तर बाग दादाची. पाणी तोच घालतो, कधीकधी दोनदा. घालू द्यावे. कुदळ, झाऱ्या आणि बियांचे डबे नर्सरीवाल्याला द्यावेत, मात्र लहान झारी दादाकडेच राहील.

५. शेजारीण माझी लिंबे कुंपणावरून तोडते. तिला शाप देण्याचा माझा विचार होता, पण त्या धड्यापर्यंत मी पोचलेली नाही. तिला काहीही देऊ नये.

६. माझ्यामागे दादा विचारील, ती कुठे आहे. पहिल्यांदा खरे सांगा, तो त्याचा हक्क आहे. त्याला रडू द्या. पुन्हा विचारले, तर मी दवणा आणायला गेले आहे म्हणून सांगा. रोज नव्याने बहीण मरावी, इतके त्याने कोणाचे वाकडे केलेले नाही.

साक्षीदार: (१) औषधांचे दुकानदार. (२) शेजारीण, या कागदातून तिला काहीच मिळत नसल्याने साक्षीला ती अगदी योग्य आहे.

दादालाही सही करायची होती. ज्याला वाटा मिळतो त्याला साक्षीदार होता येत नाही, असे वकीलबाईंनी समजावले. तो चिडला. म्हणाला, "ही शुद्धीवर आहे की नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत? लहानपणापासून बघतोय मी हिला." कायद्यात हे बसत नाही. तरी माझ्या सहीच्या वर ते राहावे, अशी माझी इच्छा आहे.

सही: (स्वहस्ते)
ठिकाण: मागची खोली, खिडकीजवळ
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे तोच