फाटकापर्यंतची सनई

आप्पा, तुमची सनई परवा युनिव्हर्सिटीत गेली. या वेळी आत गेली. "गो, ही त्या दारात परत न्यायची नाय," असं तुम्ही बजावलं होतं. मी तेव्हा परकरात होते. संगीताच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं, म्हणून तुम्हाला मुरबाडहून बोलावलं होतं आणि तुम्ही मला सोबत नेलंत. पाहुणे येईपर्यंत तुम्ही फाटकाच्या खांबापाशी उन्हात उभे राहून वाजवत होता. मग एका सरांना विचारलंत, "आमची पोरं सनई शिकायला आली, तर घ्याल का?" सर हसले. "इथे सतार शिकवतात, तबला शिकवतात. सनई काय, लग्नांत शिकतात." घरी आलात, सनई पुसून देव्हाऱ्याखाली ठेवलीत आणि न जेवता झोपलात.

आता सरकारचं नवीन धोरण आलंय. आपल्या मातीतली वाद्यं पदवीला ठेवायची म्हणे. तुम्ही न पाहिलेली तुमची नात तिथेच पेटी शिकते, तिने सनई घ्यायची ठरवली. हे म्हणाले, "सरकार बदललं की विषय बंद. पोरीची वर्षं कोण भरून देणार?" ती म्हणाली, "बाबा, तुमी तुमच्या लोकलच्या पासचं बघा." मी भाकरी थापत राहिले. तुमचा शब्द कसा मोडू? तेवढ्यात ती सनई घेऊन ओसरीवर बसली, आणि फुंकण्याआधी डाव्या गुडघ्याला दोनदा हलकेच टेकवली. तुम्ही टेकवायचात तशीच. "कोणी शिकवलं गं हे?" "काय?" तिला ठाऊकच नव्हतं. माझी भाकरी तव्यावर करपली. वाया नको म्हणून मीच खाल्ली, पण नाही म्हणायचं बळ राहिलं नाही.

परवा सनईच्या प्रवेशासाठी तिला वाजवून दाखवायचं होतं, म्हणून देवापुढे नारळ ठेवून तिच्यासोबत गेले. फाटक तेच, रंग नवा. "आई, आत चल ना. पंख्याखाली बस." "हो पुढे, चपलेचा अंगठा तुटलाय." चप्पल धड होती. आतून पहिला सूर आला आणि खांबापाशी मला तुमच्या तपकिरीचा वास आला. मी डोक्यावर पदर घेतला आणि थोडी सरकून जागा केली. ती संपवून बाहेर येईपर्यंत तशीच उभी होते.

हे पत्र हिशेबाच्या वहीतच राहील, तिकिटाचा खर्च वाचला. रात्री यांनी विचारलं, "आत कसं होतं?"

म्हटलं, "छान. पंखा होता."