अवज्ञा म्हणजे काय, आबा?

डोंबिवली (पूर्व),
शनिवार, १६ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप आबांना आसावरीचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्याचं मावशीकडून कळलं. ड्रॉप्स वेळेवर घाला, तिला इतक्यात वाकू देऊ नका. मी बरी आहे.

एक शब्द विचारायचा होता. अवज्ञा. मी नर्सिंगला गेले तेव्हा तुम्ही हाच शब्द वापरलात आणि माझ्याशी बोलणं टाकलंत. आता तो हॉस्पिटलच्या नोटिशीत आलाय. ‘वरिष्ठांच्या आदेशाची अवज्ञा.’

लहानपणी जेवताना तुम्ही शब्द फोडायला लावायचात, तसा फोडून बघितला. ज्ञा म्हणजे जाणणं. अव म्हणजे खाली, जसं अवनती, अवमान. मग हा हुकूम मोडण्याचा शब्द मुळात नाहीच ना? एखाद्याला खालचं जाणणं, ही अवज्ञा. हुकूम मोडणं हा अर्थ मागाहून चिकटला असेल. सोमवारी चौकशी आहे. तिथे मला हे बोलायचंय.

झालं असं. आमच्या आयसीयूत रंगूबाई नावाच्या पेशंट होत्या. विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर भाजी विकायच्या. न्यूमोनिया होता, श्वासासाठी मास्कचं मशीन लावलेलं. दुपारी मोठे डॉक्टर आले, म्हणाले, “सिस्टर, हा बेड रिकामा करा. ट्रस्टींचे मेहुणे येतायत.”

मी म्हटलं, “सर, मास्क काढला की यांचा ऑक्सिजन उतरतो. मी नाही काढणार.”

“ही ऑर्डर आहे.”

“मग लिहून द्या.”

त्यांनी लिहून दिलं नाही. “एका भाजीवालीसाठी एवढा तमाशा?” म्हणाले आणि मला ड्युटीवरून काढलं. रंगूबाईंनी माझी बाही धरलेली. ती सोडवून मी बाहेर आले. मग वॉर्डबॉयनी मास्क काढून त्यांना जनरल वॉर्डात हलवलं.

म्हणून विचारते, आबा, त्या खोलीत अवज्ञा कोणी कोणाची केली?

वर नोटिशीतली एकच ओळ लिहिली. दुसरी लिहवत नव्हती. ‘त्यामुळे उपचारास विलंब होऊन रुग्ण दगावला.’

रंगूबाई गेल्या. त्याच संध्याकाळी. मेहुणे चार दिवसांनी चालत घरी गेले.

रंगूबाईंचा मुलगा तानाजी रिक्षा चालवतो. हॉस्पिटलने त्याला सांगितलंय की सिस्टरने भांडण काढलं, त्यात उशीर झाला. परवा तो माझ्या दारात आला. चप्पलसुद्धा काढली नाही. “सिस्टर, तुमच्यामुळे गेली का माझी आई?”

मी सगळं सांगितलं, जसं घडलं तसं. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाला, “मला का नाय बोलावलं? मी खालीच बसलेलो, चहाच्या टपरीवर. मी तिचा पलंग धरून ठेवला असता ना.”

आबा, मला सुचलंच नाही. मी जिन्यात रडत बसले होते आणि तो खाली चहा पीत होता. तो गेला तेव्हापासून मी नीट जेवलेली नाही. आईला हे वाचून दाखवू नका.

डॉक्टरांचा निरोप आलाय की ‘माझ्या हातून अवज्ञा झाली, त्यामुळे उशीर झाला’ असं लिहून दिलं तर प्रकरण मिटेल, नोकरीही राहील. नाही दिलं तर पोलिसांत तक्रार, आणि माझं नर्सचं रजिस्ट्रेशन रद्द करायला लावतील. सोबतच्या मुलींनी बघितलंय सगळं, पण त्यांनाही घरं आहेत. मी कोणाला बोल लावत नाही.

मी लिहून देणार नाही. एवढं ठरलंय. बाकी काहीच ठरत नाही. कूकरची शिट्टी झाली तरी मशीनचा अलार्म वाजल्यासारखं वाटतं. चौकशीत पाचजण टेबलाच्या पलीकडे असतील, मी एकटी अलीकडे. माझं तोंड उघडेल की नाही, याचीसुद्धा खात्री नाही.

पोस्टाने हे वेळेत पोचणार नाही. उद्या नौपाड्यात घरी येऊन दाराखालून सरकवून जाईन. बेल वाजवणार नाही, घाबरू नका.

सोमवारी अकराला, कल्याणला. पत्ता मागे लिहिलाय. माझ्याशी बोलायला नको. शब्दाचा अर्थ मी चुकीचा सांगितला तर तिथेच, सगळ्यांसमोर, मला दुरुस्त करा.

पण या.

तुमची,
आसावरी