नऊ नंबरचा खांब

रविवार, ११ ऑगस्ट

अकराची फेरी आटोपली एकदाची! पाय मोडले. शनिवार-रविवार म्हणजे या डोंगरावर नुसती जत्रा. कॅम्पातल्या तंबूंच्या चोवीसच्या चोवीस जागा भरलेल्या, दोन गाड्या रस्त्यातच उभ्या, आणि ज्याला त्याला तळ्याकाठचीच जागा हवी.

नऊ नंबर तेवढा रिकामा दिसला. तंबू नाही, गाडी नाही. अस्वलांपासून खाणं राखायची लोखंडी अस्वलपेटी उघडून पाहिली, आत पावाचा तुकडासुद्धा नाही. शेकोटीपाशी एक मोडकी घडीची खुर्ची तेवढी. असल्या खुर्च्या लोक टाकूनच जातात, आमच्या ट्रेलरमागे सात जमल्यात. खांबावरची पैसे भरल्याची चिठ्ठी बुधवारपर्यंतची होती खरी, पण थंडीला भिऊन पुष्कळजण लवकर पळतात. साडेदहा हजार फुटांवर ऑगस्टातही सकाळी बादलीत बर्फ असतो, हे त्यांना इथे आल्यावर कळतं! चिठ्ठी काढली, पाटीवर नऊपुढे ‘गेले’ लिहिलं आणि नेब्रास्काहून आलेल्या कुटुंबाला जागा दिली. बाई रडायच्या बेतात होती, नऊ तास गाडी चालवून आले होते. मला घरचे दोन टोमॅटो दिले तिने.

दुपारी गडगडाट. मी नेहमीसारखी पलंगावर पाय वर घेऊन बसले. माझा नवरा मर्ल म्हणतो, “व्हर्ना, वीज पडायचीच असेल तर तुझे पाय कुठे आहेत ते बघून नाही पडणार.” बेचाळीस वर्षं ऐकतेय याची अक्कल.

सोमवार, १२ ऑगस्ट

नीट लिहिते.

सकाळी पायवाटेच्या तोंडाशी जे पार्किंग आहे तिथल्या संडासात कागद भरायला गेले. कोपऱ्यात हिरवा पिकअप उभा. मागच्या काचेवर माशाचं चित्र. हा तर नऊ नंबरच्या म्हाताऱ्याचा! ओरिन टीग. एकटा आलेला, सत्तरीच्या पुढचा, सारखा माशांबद्दल बोलणारा.

आणि मग आठवलं. शनिवारी नळापाशी त्याने मला सांगितलं होतं! “उद्या तंबू घेऊन वरच्या तळ्यावर जातो, एक रात्र टाकतो नि सोमवारी परत. जागा माझी राहू द्या बरं का.” मी तेव्हा कुत्रा मोकळा सोडणाऱ्या त्या बाईशी भांडत होते. “हो हो,” म्हटलं. काय ऐकलं ते त्या क्षणी विसरले. आणि ती खुर्ची! खुर्ची ठेवून जागा धरायची ही तर इथली रीतच. सहा उन्हाळे काढले मी इथे!

चिठ्ठी मी सकाळच्या विस्तवात घातली. रोज घालते.

आज सोमवार. म्हणजे संध्याकाळपर्यंत येईलच. आला की चौदा नंबर देईन, माफी मागेन, टोमॅटोही देईन. त्यात काय एवढं.

संध्याकाळी सात. आला नाही.

मंगळवार, १३ ऑगस्ट

गाडी तिथेच. तीनदा जाऊन पाहिली. चौथ्यांदा निघाले तर मर्ल म्हणाला, “पोट बिघडलंय का तुझं? संडास आपल्याकडेही आहे.”

त्याला सांगायचं होतं. सांगितलं असतं तर त्याने तडक वायरलेस उचलला असता. आणि मग पुन्हा गेल्या वर्षीसारखं! त्या दोन कॉलेजच्या मुली वेळेवर आल्या नाहीत म्हणून मी आकांत केला, हेलिकॉप्टर आलं, आणि मुली खालच्या तळ्यावर उन्हात झोपलेल्या सापडल्या. पुढे महिनाभर मी वायरलेसवर बोलले की पलीकडून कुणीतरी तोंडाने पंख्याचा आवाज काढायचं. फर्रर्रर्र. आमची वनखात्याची रेंजर टेस, ती एकटी हसली नाही. म्हणाली, “पुढच्या वेळी जरा दम धरा, व्हर्ना.”

दुपारी टेस आली. फार गुणाची पोर, रेंजरची टोपी तिला दोन मापं मोठी होते. पुढच्या वर्षीचे कागद आणले होते, आम्हाला पुन्हा कॅम्पाचे होस्ट, राखणदार म्हणून ठेवायचं म्हणते. मर्लने लगेच सही केली. घर विकलेल्या माणसांना ट्रेलर लावायला जागा मिळाली यासारखं सुख नाही. मग टेसने सहज विचारलं, “सगळे जागच्या जागी ना?”

मी म्हटलं, “सगळे.”

का म्हटलं? तिच्या हातात माझी पाटी होती. नऊपुढे ‘गेले’. माझंच अक्षर.

ती गेल्यावर गारा पडल्या. बोराएवढ्या. पत्र्यावर इतका आवाज की मर्ल काय ओरडतोय ते कळेना. मी या वेळी पाय वर घेतले नाहीत. म्हातारा वर कुठे असेल हेच डोक्यात.

बुधवार, १४ ऑगस्ट

आज मी वर गेले.

मर्लला म्हटलं, खिंडीतली पाटी सैल झालीय, खिळा मारून येते. “तू? खिंडीत? जरा थांब, अस्वलांना कळवतो,” म्हणाला. हातोडा घेऊन निघाले. अडीच तास लागले. दर वीस पावलांना दम. झाडं संपली की तिथे नुसते खडक आणि आभाळ. मला तिथे उघडं पडल्यासारखं होतं, नेहमीच.

खिंडीतून वरचं तळं सगळं दिसतं. तंबू नाही. काठावर माणूस नाही. हाक मारली. “मिस्टर टीग!” आधी हळू, मग जोरात, मग वेड्यासारखी. डाव्या हाताच्या खडकांच्या उतरणीतून शिट्टी आली. पुन्हा आली. मेले ते मार्मोट! खारीच्या जातीचे, मांजराएवढे गलेलठ्ठ, माणूस दिसला की दगडावर बसून शिट्ट्या घालतात. तरी चार पावलं त्या बाजूला गेले. एवढ्यात पश्चिमेकडून काळं चढून आलं आणि हातावरचे केस उभे राहिले. भीतीने नव्हे, खरंच उभे राहिले! हवेतल्या विजेने हातातला हातोडा गुणगुणायला लागला. फेकला आणि पळाले. सदुसष्ट वर्षांची बाई, पडत, घसरत, रडत पळाले. मागे एकदाही पाहिलं नाही.

गुडघा फुटलाय. मर्लने औषध लावलं. म्हणाला, “पाटी बसली का?” मी म्हटलं, बसली.

मला फार भीती वाटते. विजेची नाही. त्या हिरव्या गाडीची.

गुरुवार, १५ ऑगस्ट

गाडी तिथेच. वर कड्यांवर पांढरं दिसतंय. बर्फ.

शुक्रवार, १६ ऑगस्ट

आज बोलले. अर्धं.

दर शुक्रवारी टेस तळ्याकाठच्या बाकांवर मुलांना गोळा करून माहिती सांगते. मी मागे उभी होते, कॉफीचा थर्मास घेऊन. विषय होता हरवलात तर काय कराल. “जिथे आहात तिथेच थांबायचं. झाडाला मिठी मारायची. आणि शिट्टी, किती वेळा?” “तीन वेळा!” पोरं ओरडली. एका छोटीने गळ्यातली शिट्टी फुंकून दाखवली. तीन. मग थांबली. पुन्हा तीन.

थर्मास हातातून पडला.

तीन होत्या. बुधवारी तीनच होत्या! तीन, मग जरा वेळ, मग पुन्हा तीन. मार्मोट एकदा ओरडतो आणि बिळात घुसतो. त्याला मोजता येत नाही! मी तिथे उभी होते, पन्नास पावलांवर असेन, फार तर शंभर. माणूस मला बोलावत होता आणि मी त्याला मेला म्हटलं.

टेसला हात धरून बाजूला ओढली. “नऊ नंबरचे गृहस्थ वरच्या तळ्यावर गेले होते. आलेले नाहीत. गाडी खालीच आहे.”

तिचा चेहरा एकदम मोठ्या माणसाचा झाला. “कधीपासून?”

खरं अगदी ओठांवर होतं. देवाशपथ होतं!

“आज लक्षात आलं माझ्या,” म्हटलं. “खिंडीच्या डाव्या हाताचे खडक आधी बघा. मासे धरणारे तिकडून उतरतात.”

ती वायरलेसवर भराभर बोलत होती. या वेळी पलीकडून कुणी पंख्याचा आवाज काढला नाही.

शनिवार, १७ ऑगस्ट

जिवंत! जिवंत! जिवंत!

सकाळी साडेनऊला सापडले. डाव्या हाताच्या खडकांतच, दोन शिळांच्या फटीत. सोमवारी परत येताना पाय घसरला, खुबा मोडला. पाच दिवस! गारांचं पाणी टोपीत धरून प्यायले. तंबूचं कापड अंगाला गुंडाळलेलं. हेलिकॉप्टर तळ्यावरून गेलं तेव्हा सगळा कॅम्प बाहेर येऊन टाळ्या वाजवत होता. मी संडासात जाऊन रडले.

मर्लने सगळ्यांसमोर मला उचलायचा प्रयत्न केला, पाठ धरली त्याची. “माझी बायको! सगळ्या कॅम्पात हिच्या एकटीच्या लक्षात आलं! आणि मी मूर्ख हिला भित्री म्हणायचो!” एवढ्या वर्षांत माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं त्याने. मला ते हवं होतं. लिहून ठेवते, मला ते फार हवं होतं.

टेस म्हणाली, “आणखी एक रात्र गेली असती तर संपलं होतं. तुम्ही जागा नेमकी सांगितलीत.”

मी मान हलवली. आणखी एक रात्र. आणि मी शिट्टी ऐकल्यापासून ज्या तीन गेल्या त्यांचं काय, हे तिने विचारलं नाही. तिला ठाऊकच नाही.

रविवार, १८ ऑगस्ट

चार नंबरवाल्यांनी ‘ॲपल पाय’ भाजून आणला, शेकोटीवर, लोखंडी भांड्यात. वर कणकेने माझं नाव. मर्लने तीन तुकडे खाल्ले. माझा तुकडा मी कागदात गुंडाळून ठेवला.

मंगळवार, २० ऑगस्ट

इस्पितळात गेलो. दोन तास उतरणीचा रस्ता. टीग यांची मुलगी डीना दारातच गळ्यात पडली. माझ्याहून हातभर उंच, वाकून पडली. “तुम्ही नसता तर...” म्हणत राहिली. मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले. दुसरं काय करणार.

ते फार लहान दिसले. नाकात नळी, ओठ फुटलेले. मूत्रपिंडं काम करत नाहीत म्हणे, वर न्यूमोनिया. पण डोळे हसरे.

“या, मालकीणबाई,” म्हणाले. “माझी जागा ठेवलीत ना?”

मर्ल मोठ्याने हसला. मीही हसले. हसू कसं आलं कोण जाणे.

मग मर्ल कॉफी आणायला गेला आणि ते म्हणाले, “मला काळजी नव्हती बघा. रोज ऊन समोरच्या एका ठरावीक दगडावर आलं की समजायचं, अकरा वाजले. म्हणायचो, आता व्हर्नाबाई नऊच्या खांबापाशी आल्या असतील. चिठ्ठी बघतील आणि म्हणतील, अरे, हा म्हातारा कुठाय? त्या बाईच्या नजरेतून कुत्रं सुटत नाही, मी कसा सुटेन!” आणि खोकले. कितीतरी वेळ.

मी त्यांना पाणी पाजलं. घोट घोट.

“बुधवारी कुणीतरी आलं होतं वर,” ते म्हणाले. “हाक ऐकली मी. बाईमाणसाची. शिट्टी फुंकली, पण छातीत हवाच राहिली नव्हती. तुम्ही तर नव्हता ना?”

“नाही,” म्हटलं.

“मग वारा असेल,” म्हणाले आणि माझा हात थोपटला. त्यांनी. माझा.

येताना मर्ल गाणी म्हणत होता. मी खिडकीबाहेर बघत होते. अस्वल, वीज, पूर, सगळ्याला भ्यायले जन्मभर. आज पहिल्यांदा स्वतःला भ्यायले. शुक्रवारी परत जायचं, एकटीने, आणि सगळं सांगून टाकायचं. ठरलं. शुक्रवारी नक्की.

गुरुवार, २२ ऑगस्ट

टीग आज पहाटे गेले.

दुपारी टेसने ऑफिसातून डीनाचा निरोप आणला. शनिवारी चर्चमध्ये प्रार्थना आहे, त्यांच्याबद्दल दोन शब्द मी बोलावेत. शेवटपर्यंत माझं नाव घेत होते म्हणे.

हो सांगितलं. भाषण लिहायला बसले, पण लिहायचं काही उरलेलं नाही. ही वही नेणार आहे. अकरा तारखेपासून वाचेन. मर्ल पुढच्या रांगेत बसायचं म्हणतोय.