कुंकू लागलेली काडतुसं

खंडेनवमी, संध्याकाळ

परवा राज्य संघाची निवड चाचणी आणि माझ्या काडतुसांना कुंकू लागलं आहे.

आईनं शस्त्रपूजा केली. रायफलीला हार घातला, इथवर ठीक. मग पेटी उघडून प्रत्येक गोळीच्या टोकाला कुंकू लावलं. "एकबी सोडली न्हाय बघ. आता चुकतीस कशाला."

काडतुसं घरी भरायची परवानगी नाही. कारखान्यातल्या तयार लॉटमधून, म्हणजे एका खेपेत बनलेल्या पेट्यांमधून, निवडणं एवढंच हातात. रायफल व्हाइसच्या शिकंज्यात घट्ट धरून सगळे लॉट तपासले, तेव्हा हा एकच जवळजवळ एका भोकात गोळ्या घालत होता. त्याची ही शेवटची पेटी. गोळीवर ग्रीसचा पातळ थर असतो, कुंकू त्यातच रुतलंय. एक पुसून पाहिली, तर ग्रीसही गेलं. आता ती कुठे जाईल, सांगता येत नाही. न पुसता झाडली तर कुंकवाचे कण नळीत, नळी खराब. दुसरा लॉट आहे, पण त्याच्या गोळ्या लक्ष्यावर पसरतात. निवड हुकेल इतक्या.

आईला सांगू? काय सांगू, ग्रीस?

आत्ताच दारात येऊन गेली. "तीच पेटी घेतलीस न्हवं?"

"घेतली," म्हणाले. पिशवीत दुसरी आहे.

परवा हरले तर ती म्हणेल, पूजेतच काहीतरी राहिलं.